मेल पोचला, मजकूर कुठे गेला?

ईमेलला फाइल ‘जोडलेली’ असते असा आपला समज आहे. प्रत्यक्षात मेल म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच सलग मजकूर असतो. तुमचं पत्र, खालची सही, बैठकीचा फोटो, अहवालाची पीडीएफ हे सगळं त्यात रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं वापरून लिहून काढलेलं असतं. पाठवणारा प्रोग्रॅम ते लिहून काढतो, वाटेतले सर्व्हर पुढे देतात आणि घेणारा प्रोग्रॅम त्यातून पुन्हा अक्षरं, चित्रं, फाइली उभ्या करतो. मराठीच्या जागी चौकोन दिसले, ओळी विस्कटल्या किंवा फाइल उघडेना, तर या लिहिण्यात, पुढे देण्यात नाहीतर वाचण्यात कुठेतरी घोळ झालेला असतो.

म्हणून अशी तक्रार आली की आधी एक गोष्ट ठरवावी: मजकूर हरवला आहे, की नुसता चुकीचा वाचला गेला आहे? चुकीचा वाचला गेला असेल, तर तो बहुधा जसाच्या तसा परत मिळतो. हरवला असेल, तर पाठवणाऱ्याकडूनच पुन्हा मागवावा लागतो. वरवर पाहता दोन्हींत फरक कळत नाही, त्यामुळे बहुतेक जण “पुन्हा पाठवा” असं कळवून मोकळे होतात. पुन्हा पाठवलेला मेल त्याच वाटेनं येतो आणि तसाच बिघडतो. मग दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या संगणकाला दोष देत बसतात.

एका यंत्रानं दुसऱ्याला मेल कसा द्यायचा याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले, तेव्हा मेलमध्ये फक्त १२८ चिन्हांना जागा होती: इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि काही अदृश्य खुणा. एक ओळ, शेवटच्या दोन खुणा धरून, १००० चिन्हांपेक्षा मोठी चालत नसे. फोटोला जागा नव्हती आणि मराठीलाही नव्हती. पुढे दहा वर्षांनी, जून १९९२ मध्ये, नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ नावाची पद्धत मांडली. त्याच वर्षी ११ मार्चला बोरेनस्टाइन यांनी स्वतःच्या गायकचमूचा फोटो आणि त्यांच्या गाण्याचा आवाज मेलमधून पाठवून दाखवला होता. जगभरचे जुने सर्व्हर बदलण्याच्या फंदात हे दोघे पडले नाहीत, आणि मला त्यांची थोरवी यातच वाटते. त्यांनी नवा माल जुन्या १२८ चिन्हांच्या वेशात पाठवायची सोय केली. आज बरेचसे सर्व्हर त्याहून अधिक चिन्हं थेट वाहून नेऊ शकतात, तरी बहुतेक मेल अजून त्याच वेशात प्रवास करतात.

फाइलींसाठी जी पद्धत वापरतात तिचं नाव बेस-६४. फाइलीतले तीन बाइट घ्यायचे, म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला ६४ चिन्हांपैकी एक चिन्ह द्यायचं: मोठी २६ रोमन अक्षरं, लहान २६, दहा आकडे, अधिकचं चिन्ह आणि तिरपी रेघ. अशा ७६ चिन्हांची एक ओळ होते. तिनाचे चार झाले आणि वर ओळींच्या शेवटच्या खुणा आल्या, त्यामुळे फाइल एक तृतीयांशाहून थोडी जास्तच फुगते. ‘आमची फाइल तर मर्यादेच्या आत होती’ या नेहमीच्या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. समोरच्या कार्यालयाच्या सर्व्हरवर १० एमबीची मर्यादा असेल, तर ८ एमबीची फाइलही परत येते, कारण वाटेत ती ११ एमबीच्या जवळ गेलेली असते. सर्व्हर लिहून काढलेला मजकूर मोजतो. तुमच्या डेस्कटॉपवरची फाइल केवढी होती याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. जीमेल २५ एमबीच्या पुढे फाइलीऐवजी ड्राइव्हची लिंक पाठवतो. ती लिंक उघडली नाही, तर दोष मेलचा नाही. ती पाहण्याची परवानगी द्यायची राहिलेली असते.

आता मराठीकडे येऊ, कारण आपल्या वाट्याला येणारे निम्मे घोटाळे इथलेच असतात आणि त्यांचं निदान फार सुंदर रीतीनं करता येतं.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून जागा आहे. ते युनिकोड साठवण्याची आज सर्वत्र चालणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग तो ‘म’ असो, काना असो की हलन्त, तीन बाइट घेतं. षोडशमान पद्धतीत लिहिले तर यातला पहिला बाइट नेहमी ई०, दुसरा ए४ किंवा ए५, आणि तिसरा त्या-त्या चिन्हाचा. ‘म’ म्हणजे ई०, ए४, एई. हे तीन बाइट यूटीएफ-८ आहेत असं मेलच्या माथ्यावर लिहिलेलं असतं. ती नोंद गळली किंवा चुकली, की घेणारा प्रोग्रॅम त्यांना पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेल्या विंडोज-१२५२ या तक्त्यानं वाचतो. त्या तक्त्यात ई० म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’, आणि ए४ म्हणजे चार टोकं फुटलेलं छोटं वर्तुळ. ही जोडी ओळीमागून ओळी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर निर्धास्त राहा. तुमचं मराठी शाबूत आहे, फक्त तक्ता चुकला आहे. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ ही सोय असते; तिनं एका क्लिकमध्ये मजकूर ताळ्यावर येतो.

मात्र त्या विस्कटलेल्या मजकुराची नक्कल करून तो दुसरीकडे चिकटवू नका, आणि त्यावर उत्तरही पाठवू नका. वाचण्यातली चूक त्या क्षणी खऱ्या हानीत बदलू शकते. ‘ठ’चा तिसरा बाइट आहे ए०. विंडोज-१२५२ मध्ये ही न तुटणारी मोकळी जागा, आणि नक्कल करताना अनेक प्रोग्रॅम तिची साधी मोकळी जागा करून टाकतात. मग सगळं दुरुस्त केलं तरी ‘मराठी’ या शब्दातला ‘ठ’ परत येत नाही. ‘भ’चा तिसरा बाइट एडी, म्हणजे एक अदृश्य जोडरेघ, आणि तीही सहज गळते. हलन्ताची गत आणखी वाईट. त्याचा तिसरा बाइट ८डी, आणि विंडोज-१२५२ मध्ये ज्या पाच जागा रिकाम्याच ठेवल्या आहेत त्यांतली ही एक. काही प्रोग्रॅम असा बाइट सरळ टाकून देतात. मजकूर परत मिळवल्यावर बाकी सगळं नीट, पण जोडाक्षरं सुटलेली, ‘महाराष्ट्र’चा ‘महाराषटर’ झालेला असेल, तर मेल मधे कुणीतरी नक्कल करून चिकटवला होता हे ओळखावं.

प्रश्नचिन्हांची ओळ दिसली तर गोष्ट वेगळी. तिथे कुठल्यातरी सर्व्हरनं किंवा प्रोग्रॅमनं मराठी मजकूर इंग्रजीपुरत्या तक्त्यात बसवायचा प्रयत्न केला, जे बसलं नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं आणि मूळ बाइट फेकून दिले. हे हरवलं. कुठलंही साधन ते परत आणू शकत नाही. चौकोनांचं मात्र घाबरण्यासारखं काही नसतं: बाइट बरोबर, तक्ता बरोबर, पण त्या यंत्रावर देवनागरीचा फॉन्ट नाही. तोच मेल फोनवर उघडला तर बहुधा नीट दिसतो.

चौथा प्रकार आपल्याकडे हमखास भेटणारा. रोमन अक्षरं, कंस, चिन्हं यांची निरर्थक खिचडी दिसते, पण ती वर्तुळं तीत नसतात. हा मजकूर युनिकोड नसतोच. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला तो मजकूर असतो. त्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षरं रोमनच असायची; त्या रोमन खाचांमध्ये देवनागरी वळणं बसवलेली असायची. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट सुटला की खिचडी. मुद्रणालयं, वर्तमानपत्रं आणि सरकारी कचेऱ्या यांची वर्षानुवर्षांची कागदपत्रं अशा फॉन्टांत आहेत, त्यामुळे ही अडचण अजून बराच काळ आपल्याला भेटत राहणार. इथेही काही हरवलेलं नसतं. मूळ फॉन्टाचं नाव विचारून घ्यावं आणि परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणावा. नाव मात्र नेमकं हवं, कारण एका फॉन्टाच्या खाचा दुसऱ्याशी जुळतीलच असं नाही.

एक बारीक गोष्ट मराठीवर प्रेम असणाऱ्यांसाठी. ‘आचार्यांना’हून वेगळ्या ‘आचाऱ्यांना’ या शब्दातला अर्धा ‘र’ काही कीबोर्ड अदृश्य जोडखुणेच्या मदतीनं लिहितात. मजकूर गाळणारे काही प्रोग्रॅम अदृश्य खुणा कचरा समजून काढतात आणि स्वयंपाकघरातले आचारी आश्रमातले आचार्य होतात. ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हानं लिहिलेला अर्धा ‘र’ हा धोका टाळतो.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल तर मेलचा मूळ मजकूर उघडावा. जीमेल संगणकावर उघडून मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांच्या यादीत ‘मूळ दाखवा’ निवडावं. थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू ही बटणं एकत्र दाबावीत. समोर येणारा पसारा पाहून बिचकू नये. सगळा वाचायचा नसतोच. वरच्या भागात प्रत्येक सर्व्हरनं उमटवलेली ‘रिसीव्ह्ड’ अशी नोंद असते. ती खालून वर वाचली की मेल कुठून कुठे गेला ते कळतं. खाली प्रत्येक भागाच्या माथ्यावर तो भाग कशाचा आहे, कोणत्या तक्त्यातला आहे आणि कोणत्या पद्धतीनं लिहून काढला आहे, हे येतं. मग बेस-६४च्या ओळी. त्यांच्या सुरुवातीवरून आत काय आहे ते ओळखता येतं. मोठ्या लिपीत जे, व्ही, बी, ई, आर अशी सुरुवात असेल तर ती पीडीएफ. तिरपी रेघ, ९, जे, तिरपी रेघ असेल तर जेपीजी फोटो. यू, ई, एस, डी, बी असेल तर झिप किंवा वर्डची नवी फाइल, कारण डॉक्सही आतून झिपच असते. मराठी मजकुराचीही अशीच खूण आहे. त्यात ‘४-के-एस’ आणि ‘४-के-डब्ल्यू’ हे तुकडे वारंवार येतात. शब्दांमधल्या मोकळ्या जागांमुळे हा ठेका अधूनमधून सरकतो, पण दिसतो. दिसला की समजावं, मराठी इथवर सुखरूप आलं आहे आणि दोष दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. बहुतांशी इंग्रजी मजकुरासाठी योजलेल्या दुसऱ्या पद्धतीत इंग्रजीबाहेरच्या प्रत्येक बाइटाआधी बरोबरचं चिन्ह येतं; तिथे ‘=ई०=ए४’ सारखं चिन्हांचं जाळं दिसतं. तेच जाळं उघड मेलमध्ये दिसलं, तर लिहून काढण्याच्या पद्धतीची नोंद वाटेत गळली आहे.

फाइलीचं नाव हा वेगळा तापच आहे. नावातलं एक मराठी चिन्ह मेलच्या माथ्यावर नऊ चिन्हांचं होऊ शकतं, त्यामुळे लांबलचक मराठी नाव तुकड्यांत विभागावं लागतं. जुने प्रोग्रॅम ते तुकडे जुळवताना शेपूट गाळतात आणि शेपटातच ‘पीडीएफ’ हा प्रत्यय असतो. फाइल ‘नोनेम’ किंवा तशाच एखाद्या नावानं उतरते आणि संगणक विचारतो, ही कशात उघडू? फाइल बिघडलेली नसते. उतरवून घेऊन योग्य प्रत्यय लावला की उघडते. मेलच्या विषयाचंही असंच. त्याचा एक तुकडा जास्तीत जास्त ७५ चिन्हांचा, म्हणजे देवनागरीची साधारण १५ चिन्हं. प्रोग्रॅमनं तुकडा अक्षराच्या मधोमध पाडला, तर विषयाच्या मध्ये काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवतं. मराठी विषय जरूर लिहावा, मी नेहमी लिहितो. फाइलीचं नाव मात्र रोमनमध्ये आणि आटोपशीर ठेवलेलं बरं.

‘विनमेल डॉट डॅट’ नावाची फाइल आली आणि अपेक्षित फाइल आली नाही, तर पाठवणाऱ्याचं आउटलुक ‘रिच टेक्स्ट’ पद्धतीत लिहीत आहे. आउटलुक त्या पद्धतीत सजावट आणि फाइली एकाच खास गाठोड्यात बांधतं आणि ते गाठोडं बाकीच्या अनेक प्रोग्रॅमना सोडता येत नाही. ते सोडवणारी मोफत साधनं आहेत, पण खरा उपाय पाठवणाऱ्याकडेच: मेलची पद्धत एचटीएमएल किंवा साधा मजकूर करावी.

‘एटीटी००००१’ अशा नावाच्या छोट्या फाइली मात्र बहुधा निरुपद्रवी. साध्या मेलमध्ये पत्राची एक साधी आणि एक सजवलेली अशा दोन प्रती असतात, आणि फाइली त्यांच्या पाठोपाठ येतात. काही प्रोग्रॅम फोटो मजकुराच्या मध्येच ठेवू देतात; मग फोटोनंतरचा मजकूर वेगळा भाग होतो. त्या भागाला नाव नसतं. आउटलुक त्याला फाइल समजून असं नाव देतं. पत्राचा उत्तरार्ध त्यातच असू शकतो, म्हणून ती न वाचता काढून टाकू नये.

ओळींच्या विस्कटण्याबद्दल थोडक्यात. ओळी ७६ चिन्हांच्या आसपास तोडायची जुनी सवय आहे; उत्तर देताना प्रत्येक ओळीपुढे बाणाची खूण लागते, ओळ मर्यादेबाहेर जाते, पुन्हा तुटते, आणि मजकूर तुटक्या कंगव्यासारखा एक ओळ लांब, एक आखूड असा दिसू लागतो. सजवलेल्या पत्रात मध्येच उद्गारचिन्ह आलं असेल, तर पाठवणाऱ्या प्रोग्रॅमनं सगळा एचटीएमएल एका ओळीत लिहिला होता आणि १००० चिन्हांच्या जुन्या नियमानं सर्व्हरला तो तोडावा लागला. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुराबरोबर सजावटीच्या सूचनांचा मोठा भारा येतो. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही यांनी चिकटवला तर नुसता मजकूर येतो. जीमेल सुमारे १०२ केबीच्या पुढचं पत्र कापून ‘पूर्ण संदेश पाहा’ असं दाखवतो, त्यामुळे हा भारा थेट नुकसान करतो.

गटाला पाठवलेल्या मेलमध्ये, मग तो माजी विद्यार्थ्यांचा असो की परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचा, वाटेत आणखी एक वाचक बसलेला असतो: गट चालवणारा सर्व्हर. तो मेल नुसता पुढे देत नाही, उघडतो. सजवलेली प्रत काढतो, फाइली गाळतो, खाली गटाची तळटीप जोडतो. मेलमन या बहुप्रचलित प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत मेलच्या आकाराची मूळ मर्यादा फक्त ४० केबी होती; त्यापुढचा मेल व्यवस्थापकाच्या परवानगीसाठी थांबायचा. ‘मी पाठवलं, कुणालाच मिळालं नाही’ याचं कारण कित्येकदा एवढंच असतं. दिवसभराचे मेल एकत्र करून पाठवणारा साधा गोषवारा घेतला असेल, तर तो गटाच्या एकाच तक्त्यात बसवला जातो आणि तक्ता इंग्रजीचा असेल तर मराठीची प्रश्नचिन्हं होतात. गोषवाऱ्याचा ‘माइम’ प्रकार निवडला की प्रत्येक पत्र आपापल्या तक्त्यात राहतं.

तळटीप जोडण्याचा परिणाम त्याहून खोल जातो. पाठवणारा सर्व्हर मेलवर डीकेआयएम नावाची सही करतो आणि सही मजकुरावर अवलंबून असते. खाली दोन ओळी जोडल्या की सही जुळत नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं ‘आमच्या नावाचा पण न जुळणारा मेल नाकारा’ असं जगाला कळवलं, त्याच महिन्यात एओएलनंही तेच केलं, आणि जगभरच्या गटांतले मेल परत येऊ लागले. तेव्हापासून बरेच गट पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी स्वतःचा पत्ता घालतात. नावापुढे ‘व्हाया’ लिहिलेलं दिसतं ते त्यामुळे. असा मेल आला की ‘उत्तर द्या’ दाबण्याआधी पत्ता पाहावा. खासगी उत्तर सगळ्या गटाला जाऊ शकतं.

बिघाड पाठवताना झाला की वाटेत, हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग असा: पाठवणाऱ्यानं तोच मेल, त्याच प्रोग्रॅममधून, गटाला आणि दुसऱ्या कंपनीच्या स्वतःच्या खात्याला एकाच वेळी पाठवावा. दोन्हीकडे बिघडलेला आला तर दोष लिहून काढण्यात. एकीकडेच बिघडला तर त्या वाटेवर. मग ज्याला दाखवायचं त्याला साधा फॉरवर्ड करू नये, कारण फॉरवर्ड करताना तुमचा प्रोग्रॅम सगळा मजकूर नव्यानं लिहितो आणि पुरावा पुसला जातो. मेल ‘अटॅचमेंट म्हणून’ फॉरवर्ड करावा, किंवा ‘ईएमएल’ फाइल म्हणून उतरवून द्यावा. त्यात मूळ बाइट, माथ्यावरच्या नोंदी आणि वाटेतल्या सर्व्हरच्या खुणा जशाच्या तशा असतात. सोबत पाठवणाऱ्याचा प्रोग्रॅम कोणता, मेल किती वाजता गेला आणि नेमकं काय दिसलं, हे दोन ओळींत लिहावं. काय दिसलं याचा स्क्रीनशॉटही द्यावा, कारण समोरच्याच्या यंत्रावर तोच मेल कदाचित नीट दिसेल.